चारच्या खाली नको

नवा ॲम्प दोन किलोचा.
मुनीरने काउंटरवर ठेवला तेव्हा
मला वाटलं, आतलं सामान अजून यायचंय.
हेड म्हणतात त्याला. डोकं.
पाचशे वॅटचं डोकं
माझ्या डब्याच्या पिशवीत मावलं.
लॅमिंग्टन रोडवरून खेतवाडीपर्यंत
चालत आणलं, वर कोथिंबिरीची जुडी.

धड मात्र वसईहून यायचं होतं.

इनास तुस्कानोंचा खोका:
पंधरा इंची एकच स्पीकर, जहाजी प्लायवूड,
कोपऱ्यांना पितळ, वजन एका माणसाचं.
नाय गो बाय, बारक्या मानसाचं, इनास म्हणाले.
तीस वर्षं ऑर्केस्ट्रात त्यांनी तो उचलला,
नाट्यगृहांचे मागचे जिने, गणपतीचे मांडव,
एकदा होडीतून गोराईला,
लग्न आणि भरती एकाच मुहूर्तावर.
आता कंबरेला पट्टा, उजव्या कानात नुसती शिट्टी.
ने. पैसे नको. पन वाजव,
नायतर आत पाल घर करते.

टॅक्सीवाला हसला. डिकीत गॅसची टाकी.
शेवटी टेंपोने आला, कुणाच्या तरी फ्रिजशेजारी उभा.
तिसऱ्या मजल्यापर्यंत
हमाल दर वळणावर विचारत होता,
यात भरलंय काय?
आणि मी खरं तेच सांगत होते:
हवा.

मागची पट्टी पुसून गेलेली.
आठ ओहम की चार, इनासना आठवेना.
माझ्याकडचा छोटा, दहा इंची दोन स्पीकरांचा, तो आठचा.
आठाला आठ असे शेजारी जोडले
की सोळा होत नाहीत, चार होतात.
दुसरी वाट उघडली की अडथळा अर्धा.
कुणी शाळेत असं सांगितलं असतं
तर माझं गणित राहिलं नसतं.
पण जुना चारचा निघाला
तर दोघं मिळून तीनच्याही खाली,
आणि ॲम्पच्या पाठीवर मुंगीच्या अक्षरात लिहिलंय
चारच्या खाली नको.
हलकं डोकं. तापायला कितीसा वेळ.

मल्टिमीटर लावला.
आकडे थोडे घुटमळले, थांबले: पाच पॉइंट नऊ.
ना आठ, ना चार.
मुनीरला फोन.
मीटर कमीच दाखवतो, तो म्हणाला, आठ धर.
आणि मधे गिटारची वायर लावू नकोस,
स्पीकरची जाड लाव.
पत्रिका बघून झाली असेल तर वाजव आता,
माझं गिऱ्हाईक उभंय.

जाड वायर. प्लग फिरवला, टक्.
आवाजाचं बटण घड्याळातल्या आठावर.
पंखा आत मांजरासारखा गुरगुरला.
आधी वरच्या तारा:
छोट्यातून बोट ऐकू आलं, नखासकट.
मोठा गप्पच होता,
चुलत्यासारखा, सगळं ऐकत.
मग सगळ्यात खालची तार, मोकळी.

खोक्याच्या भोकातून सावकाश घरंगळत
डांबराची एक गोळी बाहेर आली,
झिजून वाटाण्याएवढी झालेली,
आणि खालच्या मजल्यावर, उघड्या खिडकीत,
शेवडेबाईंच्या मांडणीतलं एक झाकण थरथरलं.
दुसरी तार. झाकण गप्प.
पुन्हा खालची.
झाकण.

इनासना फोन लावला, खिडकीच्या कठड्यावर ठेवला.
इतकं खालचं फोनमधून जात नाही,
मला माहीत होतं. त्यांनाही.
वाजवलं. थांबले.
बराच वेळ नुसती वसईची कोंबडी ऐकू येत होती.

काय नाय आलं, ते म्हणाले.
पन कोनाचं तरी भांडं वाजतंय ना गो?
डाव्या कानाला आलं माझ्या.
मग बरोबर लागलाय.

अजून काही बोलणार होते,
पण दारावर थाप पडली.
शेवडेबाई. हातात झाकण.